दौड उशिरा सुरू झाली

जानेवारीचा तिसरा आठवडा लागला की भोपाळमधल्या आमच्या अवधपुरीत सकाळी शाळेच्या बँडचा सराव ऐकू येऊ लागतो. चारपाच ढोल, एक बिगुल आणि मास्तरांची शिट्टी. त्यातला एक ढोल नेहमी मागे पडतो. मुलं दरवर्षी बदलतात, पण मागे पडणारा एक असतोच. मी तेव्हा स्वयंपाकघरात असते. एका शेगडीवर चहा, दुसरीवर ह्यांचा दलिया. खिडकीच्या काचेला बाहेरून धुकं आणि आतून वाफ, त्यामुळे कितीही पुसली तरी ती पांढरीच. रस्त्यावरून बिही, म्हणजे पेरू, विकणारा ओरडत जातो. कोपऱ्यावरच्या चौकीदाराच्या शेकोटीचा वास हवेत रेंगाळत असतो. बाकी सगळ्यांना हे दिवस आवडतात. तिळाचे, गजकचे, उन्हात खुर्ची टाकून बसायचे दिवस. मला मात्र ह्या आठवड्यात थकल्यासारखं होतं. कामाचा थकवा बारा महिने असतो, त्याचं आता काही वाटत नाही. हा निराळा. अंगात कुठेतरी जुनी कळ असावी आणि थंडीनं ती जागी व्हावी, तसा.

मग मोबाईलवर तो निरोप येतो. ‘छब्बीस को ताल पे कौन-कौन आ रहा है?’ त्याखाली एकामागून एक वर केलेले अंगठे. कॉलनीतल्या सकाळी पळणाऱ्या बायकांचा हा ग्रुप. पाच वर्षं झाली, मी त्यात एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि त्यातून बाहेरही पडलेले नाही.

आधी ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. माझे यजमान मूळचे दापोलीकडचे. इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून नेमणूक झाली आणि चोविसाव्या वर्षी ते समुद्र सोडून देशाच्या अगदी मधोमध येऊन पडले. मी इथलीच. माझे आजोबा नागपूरहून सरकारी कचेऱ्यांबरोबर भोपाळला आले आणि नेहरू नगरात आमचं घर झालं. घरात नागपुरी मराठी, गल्लीत हिंदी, तोंडात दोन्हींची खिचडी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, दूधवाला येऊन राहिला आहे. तर ह्यांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं की राहायलाच आला असेल तर त्याची गादी कुठे घालायची. पुढची तीस वर्षं ते माझी भाषा दुरुस्त करत राहिले. मीही कधीकधी मुद्दाम चुकायचे, कारण चूक पकडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद यायचा तो पाहण्यासारखा असे.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातला ब्रश पडला. मी बाहेरून विचारलं, काय पडलं. उत्तर आलं नाही. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. काही महिन्यांनी थोडे शब्द परत आले. हो, नको, जा, बरं, असे दहाबारा. माझं नाव आलं, तेही अर्धंच. विद्यामधलं फक्त ‘वि’. डॉक्टर म्हणाले की ह्यांना कळतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. माझ्या वाक्यावाक्याला अडवणारा माणूस दहाबारा शब्दांवर आला, आणि मी हवं ते, हवं तसं बोलायला मोकळी झाले. असली मोकळीक कोणाला हवी होती.

मी तेव्हा नोकरीत होते. सकाळी पाचला उठायचं, त्यांचं सगळं आवरायचं, नऊला गीता यायची. गीता म्हणजे त्यांना सांभाळायला ठेवलेली बाई, मायेची आणि कमी बोलणारी. तिच्या हाती त्यांना सोपवून ऑफिस. साडेसहाला परत, मग पुन्हा तेच. मुलगा अमेय बंगळूरला. दर रविवारी मोबाईलच्या पडद्यावर यायचा आणि म्हणायचा की आई, तू स्वतःकडेही बघ. मी हो म्हणायचे. स्वतःकडे कुठून, कसं बघायचं असतं ते त्यालाही माहीत नव्हतं.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात दोन घरं पलीकडची नसरीन माझा ब्लाउज शिवून घेऊन आली. ती घरीच शिवणकाम करते. दार उघडंच होतं म्हणून ती आत आली, तर मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी. गॅस बंद, हातात काही नाही, समोर काही नाही. तिनं विचारलं, कब से खड़ी हो? मला सांगता आलं नाही. तिनं ब्लाउज खुर्चीवर ठेवला आणि म्हणाली की उद्या पहाटे साडेपाचला बागेत ये, आम्ही सगळ्या पळतो. मला हसूच आलं. मी म्हटलं की माझ्यात उभं राहायचं त्राण नाही, पळू कुठून. त्यावर ती जे म्हणाली ते मला तसंच्या तसं आठवतं.

“थकी हुई तो तुम वैसे भी हो. थोड़ा अपने लिए थक के देखो.”

दुसऱ्या दिवशी मी गेले. का गेले ते माहीत नाही. कदाचित नाही म्हणायलाही जोर लागतो म्हणून.

तो हिवाळा मला अजून वासांनी आठवतो. निलगिरीच्या ओल्या पानांचा वास. कारखान्याच्या भिंतीपाशी सकाळच्या पाळीला जाणाऱ्या कामगारांच्या मफलरांना येणारा खोबरेल आणि बिडीचा वास. टपरीवरच्या चहात ठेचलेल्या आल्याचा. आमच्या म्होरक्या होत्या दुबे मॅडम, शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या. पासष्टीच्या, डोक्याला माकडटोपी, गळ्यात शिट्टी. त्या कधी कोणावर ओरडल्या नाहीत. जी मागे पडेल तिच्या बाजूला येऊन तिच्याच चालीनं पळायच्या आणि नाकाने श्वास घ्यायची आठवण द्यायच्या, बस. पहिल्या दिवशी मी बागेला दोन फेऱ्या मारल्या आणि बाकावर बसून धापा टाकत राहिले. अंगावर जुनी सलवार-कमीज, वरून ह्यांचा करडा स्वेटर. आठवड्याभरानं अमेयनं पळायचे बूट पाठवले. इतके पांढरेशुभ्र की ते पायात घालून कॉलनीतून जायची लाज वाटायची.

डिसेंबर उजाडेपर्यंत मी न थांबता तीन किलोमीटर पळू लागले. हे लिहितानाही मला खोटं वाटतं. चोपन्न वर्षांची, गुडघे कुरकुरणारी, फायलींवर शेरे लिहिणारी बाई मी. पण पळत होते. सव्वासहाला घरी यायचे तेव्हा हे जागे असायचे, नजर दाराकडे. मी पलंगापाशी वाकले की ते डावा हात उचलून माझ्या गालाला लावायचे आणि चटका बसल्यासारखा झटकन मागे घ्यायचे. माझा गाल बर्फासारखा गार झालेला असे. विनोद म्हणून त्यांच्याजवळ तेवढा एकच उरला होता आणि तो ते रोज करायचे. मी रोज हसायचे.

त्याच महिन्यात ह्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली. गीताच्या मुलीची एक जुनी चौकटीची वही होती, तीत. गीता दुपारी त्यांच्याबरोबर बसायची. तिला स्वतःला मराठी लिहिता येत नव्हतं, पण क-ख-ग तर हिंदीतही तेच. संध्याकाळी मी घरी आले की वही समोर यायची. वाकडं, थरथरतं ‘क’. मग ‘म’. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ‘वि’. मला वाटलं, दोघं एकदमच काहीतरी शिकतो आहोत. ते लिहायला, मी पळायला. एवढ्या वर्षांत दोघांनी मिळून असं काही शिकल्याचं आठवत नव्हतं.

पळण्याचा थकवा आणि घरातला थकवा ह्यांत फरक असतो, हे मला त्या दिवसांत कळलं. पळण्याचा थकवा पायांत असतो, पोटऱ्यांत असतो, बोट ठेवून दाखवता येतो. बसलं, घोटभर गरम काही घेतलं की उतरतो, आणि उतरताना बरं वाटतं. घरातला कुठे असतो तेच सापडत नाही. आपण झोपून उठावं तर तो आपल्या आधी उठून बसलेला असतो. आजाऱ्याचं करण्यात प्रेम असतं, आणि प्रेम असलं की थकवा येत नाही असं लोक म्हणतात. मी तेही करून पाहिलं. येतो.

जानेवारीत दुबे मॅडमनी जाहीर केलं की सव्वीस तारखेला सगळ्यांनी मिळून तालाच्या, म्हणजे तलावाच्या, काठानं पळायचं. रेतघाटापासून लालघाटीपर्यंत आणि परत, सात-आठ किलोमीटर. नंबर नाही, बक्षीस नाही. हातात छोटा झेंडा, आणि पळून झालं की पोहे-जिलेबी. बायकांना कोण आनंद. आमच्या गावाला समुद्र नाही, जे काय आहे ते हा तलाव. पाहुणे आले की तिथे, नवं लग्न झालं की तिथे, रुसवा काढायचा तरी तिथेच. त्याच्या कडेनं, सुट्टीच्या दिवशी, एवढ्या जणींनी मिळून पळायचं, ह्याचं सगळ्यांना अप्रूप. मलाही होतं. नाही म्हणणार नाही.

अडचण एकच. गीतानं सव्वीसची सुट्टी मागितली होती. तिच्या मुलीचा शाळेत नाच होता आणि तो बघायला तिला आई हवी होती. मी आनंदानं दिली. ह्यांची धाकटी बहीण मालूताई नागपूरला असते, ती दोन दिवस येऊन राहणार असं ठरलं. पंचवीसला दुपारी तिचा फोन आला. नातवाला ताप भरला होता, निघता येत नव्हतं. मी म्हटलं काही हरकत नाही, आणि लगेच नसरीनला फोन करून सांगितलं की मी येत नाही. हे समोरच पलंगावर होते. त्यांनी ऐकलं.

संध्याकाळी त्यांना भरवत होते. त्यांनी तोंड बाजूला केलं.

“जा,” ते म्हणाले.

मी म्हटलं, तुमच्याजवळ कोण राहील.

“जा.”

मी समजावलं की दहा मिनिटांचं काम नाही, चांगले तीन तास जातील. तिसऱ्यांदा त्यांनी तो शब्द रागावून म्हटला आणि डाव्या हाताने चमचा ढकलला. खिचडी चादरीवर सांडली. मी ती पुसत बसले.

त्या ‘जा’वर मी नंतर फार विचार केला. जाऊन ये, असाही त्याचा अर्थ होतो आणि एकदाची निघून जा, असाही. ज्याच्याजवळ पुष्कळ शब्द असतात तो एका शब्दाला दुसरा जोडून अर्थ नक्की करतो. ह्यांच्याजवळ जोडायला काही नव्हतं. मी मला हवा तो अर्थ घेतला.

पहाटे लवकर उठून त्यांचं सगळं आवरलं. दोन्ही बाजूंना उशा लावल्या, पलंगाला आडवी खुर्ची ठेवली. डाव्या हाताला लागेल असं लघवीचं भांडं, नळी घातलेली बाटली, मोबाईल, टीव्हीचा रिमोट. साडेआठला येते, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली. दाराला बाहेरून कडी घालताना मी क्षणभर थांबले, ते खरं. पण नसरीन गेटपाशी उभी होती.

धुकं इतकं होतं की स्कूटीचा दिवा दोन हातांवर जाऊन विरत होता. नसरीन मागे बसून माझ्या पाठीला चिकटून, थंडीनं दात वाजवत, बोलत होती. रेतघाटावर पंचवीस-तीस जणी जमल्या होत्या. शालींच्या, मफलरांच्या आकृत्या, तोंडातून वाफा. कोणीतरी सगळ्यांना कागदी झेंडे वाटले. दुबे मॅडमनी शिट्टी वाजवली ती अगदी ठरल्या वेळेला.

मी चांगली पळाले. एवढं मला म्हणू द्या. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला झोपलेलं जुनं शहर, मध्ये आमच्या पावलांचा आवाज. एवढ्या पावलांचा आवाज पुढे जाऊन एकच होतो, मग आपण पळतो आहोत की तो आवाज आपल्याला नेतो आहे ते कळत नाही. श्वास लागला होता पण छातीत दुखत नव्हतं. पाण्यातला तो उंच पुतळा मागे गेला, वळण गेलं. लालघाटीच्या टोकाला दुबे मॅडम उभ्या होत्या आणि एकेकीच्या पाठीवर हात ठेवून तिला परत वळवत होत्या. माझ्या पाठीवर त्यांचा हात पडला, मी वळले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की शिट्टी वाजल्यापासून मला ह्यांची एकदाही आठवण झाली नव्हती.

आणि पुढचं लक्षात आलं ते असं, की आता मी ज्या दिशेला पळते आहे तिकडे घर आहे.

पाचसहाशे पावलं पळाले असेन. एके ठिकाणी रस्त्याच्या खाली पाण्यापर्यंत उतरायला दगडी पायऱ्या आहेत. मला वाटलं दोन मिनिटं बसावं. नसरीन मागून आली, थांबली. मी तिला हातानंच पुढे जायला सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती गेली. मी बसले.

इथे मला स्पष्ट लिहायला हवं. वेळेचं भान राहिलं नाही, असं म्हणायची पद्धत आहे, पण तसं झालं नाही. मला भान होतं. मी मध्येच खिशातून मोबाईल काढून पाहिला. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. त्या वेळी उठले असते तर नऊच्या आत घरी पोचले असते. मी मोबाईल परत खिशात ठेवला. मनाशी म्हटलं, अजून पाच मिनिटं. मग आणखी पाच. वर रस्त्यावरून आमच्या बायका हसत-बोलत परत गेल्याचं त्याआधीच ऐकू आलं होतं, मग तेही थांबलं होतं. नसरीन जिलेबीचा द्रोण घेऊन मला शोधत आली तेव्हा सव्वानऊ वाजले होते. जिलेबी गार होऊन चिवट झाली होती. ती मी खाल्लीही.

घरी पोचले तेव्हा दहा वाजायला आले होते. कडी काढली, हाक मारली. पलंगावर ते नव्हते. खुर्ची उलटी पडली होती आणि हे पलंग आणि न्हाणीघराच्या मध्ये फरशीवर, डाव्या कुशीवर, हात अंगाखाली. पायजमा ओला. डोळे उघडे. अंग फरशीइतकंच गार. मला पाहून ते म्हणाले, “वि.”

नसरीन धावत जाऊन आपल्या नवऱ्याला घेऊन आली. दवाखान्यात फोटो काढला. डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. तरुण डॉक्टरांनी विचारलं की कधी पडले. मी म्हटलं माहीत नाही, मी साडेपाचला घरातून निघाले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. ते काही टोचून बोलले नाहीत, फक्त, इतनी देर? एवढंच म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत नसरीन म्हणाली,

“दौड़ ही देर से शुरू हुई, डॉक्टर साहब. कोहरा था.”

तिनं हे इतक्या सहज म्हटलं की घटकाभर मलाच ते खरं वाटलं. हे शेजारी स्ट्रेचरवर होते. त्यांची नजर माझ्यावर होती. मी ती चुकवली आणि त्यांचं पांघरूण सारखं केलं.

मग ते वाक्य आपल्या पायांनी चालू लागलं. दौड उशिरा सुरू झाली, धुकं होतं. ते मालूताईला फोनवर पोचलं, अमेयला पोचलं, शेजारीपाजारी गेलं. मला एकदाही ते म्हणावं लागलं नाही. मी फक्त नाही म्हटलं नाही.

पुढचे सहा आठवडे ह्यांना एकही हात नव्हता. नाकावर माशी बसली तरी माझ्याकडे बघायचे. मालूताई आली आणि तीन आठवडे राहिली. तिनं मला बोल लावला नाही. फक्त आल्याच्या दुसऱ्या दिवशी माझे बूट वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले. म्हणाली, आता पुरे गं ही थेरं. गीताचं मात्र मला बघवेना. तिनं त्या दिवशी सुट्टी घेतली नसती तर हे झालंच नसतं, असं म्हणून ती पदर डोळ्यांना लावायची. मी म्हणायचे, तुझी काय चूक. इतकंच म्हणायचे. चूक कोणाची ते सांगितलं असतं तर तिचं रडणं थांबलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

प्लास्टर निघालं. मनगट जुळलं, पण बोटांत पूर्वीची पकड आली नाही. पेन्सिल धरली की निसटायची. गीतानं पेन्सिलीला कापड गुंडाळून पाहिलं, जाड खडू देऊन पाहिला. ह्यांनी दोनचारदा प्रयत्न केला आणि मग वही बाजूला सारली. ‘वि’च्या पुढे ते गेले नाहीत.

ते कधी पडले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. लोकांना वाटायचं की बिचाऱ्यांना सांगता येत नाही म्हणून कळलं नाही. तसं नव्हतं. घड्याळाचं चित्र समोर धरलं असतं, आठच्या आधी की नंतर एवढं विचारलं असतं, तर त्यांनी हो किंवा नको म्हणून सांगितलं असतं. त्यांना सांगता आलं असतं म्हणूनच मी विचारलं नाही.

नसरीनशी माझं येणंजाणं तसंच राहिलं. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी बोलायचो नाही. दोन वर्षांनी, ती माझ्या बाहीचं माप घेत असताना, मी एकदा विचारलं की तू खोटं का बोललीस. तिनं दातांत धरलेली सुई काढून गादीत टोचली. मग म्हणाली की पळून परत गेल्यावर तिला चैन पडेना, म्हणून आठला ती मला बघायला परत आली होती. वरून, रस्त्यावरून पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं आणि मारली नाही.  एवढंच म्हणाली की तुला असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. म्हणजे ते वाक्य ती माझ्यासाठी बोलली तशी स्वतःसाठीही बोलली होती. तिनं माझी बाही मापली, पोटऱ्यांसारखे दंडही बारीक झाले आहेत म्हणाली, आणि आम्ही पुन्हा ब्लाउजच्या गळ्यावर आलो.

मागच्या वर्षी मी निवृत्त झाले. आता दिवसभर घरीच असते. गीता दोन तासांसाठी येते. तिची मुलगी कॉलेजात जाते. ह्यांच्या शब्दांत भर पडली नाही, घटही नाही. तब्येत आहे तशी आहे. लोक विचारतात तेव्हा मी ठीक म्हणते, आणि ते खरंच आहे. ठीक राहायला जे लागतं ते रोज करावं लागतं, इतकंच.

यंदा सव्वीस जानेवारीला दुपारी आम्ही अंगणात बसलो होतो. ह्यांची खुर्ची उन्हात, माझी अर्ध्या सावलीत. शाळेचा भोंगा थांबला होता, मुलं घरोघर गेली होती. मी सुपात मटार सोलत होते. सगळीकडे सुट्टीच्या दुपारची सामसूम. आणि मला एकाएकी वाटलं की मला हे आता उचलवत नाही. मला धीर आला, असं काही नव्हतं. हात भरून आल्यावर माणूस जसं हातातलं खाली ठेवतं, तसं मी ते खाली ठेवलं.

“अहो,” मी म्हटलं, “त्या वर्षी दौड उशिरा सुरू झाली नव्हती. वेळेवर झाली होती. मी तिथे बसून राहिले होते. तलावाकाठी. तासभर. तासाहून जास्तच.”

ते सुपाकडे बघत होते. मी एक शेंग सोलली. दुसरी सोलली. तिसरी हातात तशीच धरली.

“पाणी,” ते म्हणाले.

मी सूप खाली ठेवून उठले. आत गेले, पेला भरून आणला. त्यांच्या ओठांना पेला लावला तर त्यांनी मान फिरवली. नको. मला वाटलं, रागावले. आता रागावणारच. मी पेला घेऊन उभी राहिले. त्यांच्या कपाळावर ती आठी पडली होती, शब्द शोधताना पडते ती. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“पाणी,” ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळानं, “कसं?”

मला कळायला वेळ लागला. तलावाचं पाणी. ते कसं होतं, हे ते विचारत होते. मी तिथे काय पाहिलं हे आजवर मला कोणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

मी खाली त्यांच्या पायांशी बसले आणि सांगू लागले. म्हटलं, राखेनं घासलेल्या पातेल्यासारखा रंग होता पाण्याचा. काठाशी अगदी स्थिर होतं, पण थोडं आत बघितलं की झोपलेल्या माणसाची छाती वरखाली होते तसं हलत होतं. पलीकडचा काठ दिसतच नव्हता. एका खुंटावर पाणकावळा पंख पसरून बसला होता, वाळत घातलेल्या कपड्यासारखा, आणि मी होते तोवर तो हलला नाही. एक कोळी होडीत उभा राहून जाळं ओढत होता. जाळं वर यायचं आणि मग पाण्याचा आवाज यायचा, आधी नाही. सूर्य उगवला ते समजलं नाही. धुकं आधी करडं होतं, मग पिवळट झालं, मग एकदम मला माझे हात दिसायला लागले. शेवाळाचा वास येत होता, वाईट नव्हता तो. आणि मी बूट-मोजे काढून पाण्यात पाय सोडले होते. इतकं गार होतं की हाडं दुखत होती. तरी काढले नाहीत.

ह्यांनी भुवया उंचावल्या.

हो, म्हटलं, पाण्यात. दोन्ही.

“बरं,” ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

मी सांगत राहिले. इतकं सगळं मला आठवत असेल असं वाटलं नव्हतं. जेवढा वेळ तिथे बसले होते त्याहून जास्त वेळ त्याबद्दल बोलत होते बहुधा. मटार तसेच राहिले, ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. मला वाटलं, झोप लागली त्यांना. पण मी बोलायची थांबले की ते डोळे उघडायचे, म्हणून मी थांबले नाही.